शिखरे वाचली, खोरी राहिली

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्यात कॅस्केड पर्वतरांग आहे. तिथल्या संरक्षित क्षेत्रांचा नकाशा घ्या आणि शेजारी उंचीचा नकाशा ठेवा. हिमनद्या, सुळके, वृक्षरेषेवरची कुरणे बहुतेक सगळी संरक्षणात आलेली दिसतात. हद्द डोंगराच्या सोंडेवरून खाली उतरते, पण नदीचे खोरे जवळ आले की अंग चोरून मागे वळते. 1950 च्या दशकाच्या अखेरीस याच रांगेतल्या ग्लेशियर पीक शिखराभोवतीच्या राखीव क्षेत्राची आखणी चालू होती, तेव्हा टीकाकारांनी त्या आकाराला ‘तारामासा’ म्हटले: हात सगळे डोंगरधारांवर आणि हातांच्या मधली दाट जंगलाची खोरी हद्दीबाहेर.

हे योगायोगाने झालेले नाही. समुद्रसपाटीपासून 300 मीटरवरच्या गाळाच्या जमिनीत डग्लस फर किंवा सिट्का स्प्रूसचे झाड सत्तर, ऐंशी, क्वचित नव्वद मीटर उंच होते. माती खोल, पाऊस भरपूर, वाढीचा हंगाम लांब. त्याच डोंगरावर 1500 मीटरला बर्फ जुलैपर्यंत हटत नाही आणि शंभर वर्षांचे झाड मनगटाएवढे असू शकते. लाकूड खोऱ्यात होते आणि ते बाहेर काढायचा सोपा मार्गही खोऱ्यातूनच जात होता. आधी नदी, मग रेल्वे, मग ट्रकचा रस्ता. ज्या जमिनीवर कुणाचाच डोळा नव्हता तीच राखायला सोपी गेली. संरक्षणवाद्यांच्या बोलण्यात अशा क्षेत्रांना ‘दगड आणि बर्फ’ असेच नाव पडले.

3 सप्टेंबर 1964 रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाइल्डरनेस कायद्यावर सही केली. मसुदा लिहिणारे हॉवर्ड झानिझर त्याच वर्षी मे महिन्यात वारले होते. सरकारी मालकीच्या जमिनीचा तुकडा ‘वाइल्डरनेस’ म्हणून कायमचा बाजूला काढायचा अधिकार या कायद्याने फक्त अमेरिकी संसदेला दिला. तिथे कायमचा रस्ता नाही, व्यापारी वृक्षतोड नाही, मोटार नाही, यंत्रकरवत नाही, सायकलसुद्धा नाही. पायी किंवा घोड्यावरून कुणीही जावे, मुक्काम करावा, राष्ट्रीय वनांतल्या क्षेत्रांत मासेमारी आणि शिकारही करावी. आणीबाणीत हेलिकॉप्टर उतरू शकते, वणवा रोखता येतो. आरंभी 91 लाख एकर होते, आज 11 कोटी एकरांच्या वर आहे. हा आकडा डोळे दिपवतो, पण त्यातली जमीन कोणत्या उंचीवरची आहे, हे त्यावरून कळत नाही.

उंची का महत्त्वाची, हे मार्बल्ड मरलेट या पक्ष्याकडे पाहिले की समजते. हा समुद्रपक्षी. खाणे समुद्रात, पोहणे समुद्रात. अंडे मात्र किनाऱ्यापासून कधी कधी 80 किलोमीटर आत, एखाद्या जुन्या झाडाच्या फांदीवर. त्याचे घरटे शास्त्रज्ञांच्या हाती लागायला 1974 साल उजाडले. घरटे म्हणावे असे त्यात काही नसतेच: किमान 10 सेंटीमीटर रुंद आडवी फांदी, तिच्यावर साचलेली शेवाळाची गादी आणि त्या गादीतल्या खळग्यात एकच अंडे. नर-मादी साधारण चोवीस तासांची पाळी लावून उबवतात. पाळी बदलायला एक जण पहाटेच्या अंधारात समुद्रावरून येतो. इतकी जाड फांदी आणि तिच्यावर इतके शेवाळ यायला झाडाला दोन-दोनशे वर्षे लागतात, आणि अशी झाडे मुख्यतः कमी उंचीवरच्या ओल्या जंगलात असतात. जंगलाचे तुकडे झाले की कडेकडेने कावळे आणि ‘जे’ नावाचे पक्षी आत शिरतात आणि ते एकुलते अंडे पळवतात. त्यामुळे चार जुनी झाडे राखून भागत नाही. सलग पट्टा हवा. 1992 पासून वॉशिंग्टन, ऑरेगन आणि कॅलिफोर्नियातला मरलेट धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे.

आता नदीच्या तळाशी जाऊ. सॅमन माशाची मादी शेपटीच्या फटकाऱ्यांनी तळातली खडी उडवून खड्डा करते, त्यात अंडी घालते, नराने ती फळवली की वरच्या बाजूची खडी उकरून खड्डा बुजवते. चिनुक जातीच्या मादीची काही हजार अंडी अशी साधारण वीतभर किंवा त्याहून खोल गाडलेली असतात. हिवाळाभर ती तिथेच असतात आणि खडीच्या फटींतून झिरपणारे गार पाणी त्यांना प्राणवायू पुरवते. त्या फटींत 0.85 मिलिमीटरपेक्षा बारीक रेती-माती बसली की पाणी थांबते. अंडी गुदमरतात, किंवा पिल्ले निघाली तरी त्यांना वर यायला वाट उरत नाही. वरून पाहिले तर नदी नितळ दिसते. नुकसान खडीच्या पोटात झालेले असते.

ही खडी नदीच्या कोणत्या भागात असते? बहुतेक सॅमन चार टक्क्यांपेक्षा कमी उताराच्या प्रवाहात अंडी घालतात. असा उतार शिखराजवळ नसतो, खोऱ्यात असतो. कोहो जातीची पिल्ले तर वर्षभर किंवा जास्त काळ गोड्या पाण्यात काढतात. त्यांना बाजूचे संथ ओहोळ, बीव्हर या प्राण्याने अडवलेली तळी, पुरात आसरा देणारे कोपरे लागतात. हे कोपरे तयार करते जंगलच. मुळांच्या बुंध्यासकट एखादे अजस्र झाड नदीत पडते आणि बुंधा तळाशी रुतून बसतो. त्याला लहान ओंडके अडकतात, मागे खडी साचते, पुढे डोह पडतो आणि पाणी बाजूला वळून नवा ओहोळ काढते. तीस-चाळीस वर्षांच्या लागवडीतली बारीक झाडे हे काम करू शकत नाहीत. पहिल्या मोठ्या पुरात ती वाहून जातात. काठावरची थोराड झाडे तोडली की पुढची शंभर-दीडशे वर्षे नदीला अशा ओंडक्यांचा पुरवठा थांबतो. तोडीचा हा परिणाम सर्वात उशिरा दिसतो आणि सर्वात कमी हिशेबात धरला जातो, असे आमचे मत आहे.

मग नदीच्या दोन्ही काठांचा पट्टा राखला की झाले, असे वाटेल. कॅलिफोर्नियातल्या रेडवुड क्रीक या ओढ्याने त्याचे उत्तर दिले आहे. त्या काठावर 1963 मध्ये तेव्हा ज्ञात असलेले जगातले सर्वात उंच झाड मोजले गेले, सुमारे 112 मीटर. 1968 मध्ये रेडवुड राष्ट्रीय उद्यान झाले, पण ओढ्याच्या या भागात राखला गेला तो जेमतेम 800 मीटर रुंदीचा लांबट पट्टा. लोक त्याला ‘अळी’ म्हणत. पट्ट्याबाहेरच्या उतारांवर खासगी कंपन्यांची सरसकट तोड चालूच राहिली. उघडे पडलेले उतार आणि लाकूडवाहतुकीचे रस्ते पावसात खचले, दगडमाती ओढ्यात आली, पात्र उथळ आणि रुंद होत गेले आणि पाणी राखलेल्या झाडांच्याच काठाला कुरतडू लागले. याच किनारपट्टीवर बुल क्रीकच्या काठी 1955 च्या डिसेंबरमधल्या पुरात शेकडो जुने रेडवुड वृक्ष कोसळले होते. तळातली राई सुरक्षित उद्यानात होती, वरचा डोंगर मात्र तोडलेला होता. धडा समोर असूनही 1968 ची रेघ काठालाच आखली गेली.

शेवटी 27 मार्च 1978 रोजी अध्यक्ष कार्टर यांच्या सहीने उद्यानात 48,000 एकर जोडले गेले. त्यातली तीन-चतुर्थांशाहून अधिक जमीन तोपर्यंत तोडून झालेली होती. ती विकत घेतली ती उतारावरची माती ओढ्यात यायची थांबावी म्हणून. त्याखेरीज हद्दीच्या वरच्या बाजूला 30,000 एकरांचा देखरेखीचा पट्टा ठरवला गेला. खोरे राखायचे म्हणजे डोंगरधारेपासून पात्रापर्यंत राखायचे. हे शिकायला दहा वर्षे आणि फार मोठी रक्कम लागली.

याची उलट बाजू वॉशिंग्टनमधल्या एल्व्हा नदीत दिसते. तिच्या खोऱ्याचा 80 टक्क्यांहून अधिक भाग ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे वरचे जंगल शाबूत. पण समुद्रापासून आठेक किलोमीटरवर 1913 मध्ये 33 मीटरचे धरण उभे राहिले, त्याच्या वर 1927 मध्ये 64 मीटरचे दुसरे. अंडी घालायला समुद्रातून वर येणारे सॅमन जवळजवळ शतकभर धरणाच्या पायथ्याशीच अडले. दोन्ही धरणे 2011 ते 2014 या काळात उतरवली गेली.

इथे कायद्यातला एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. राष्ट्रीय वनातली जमीन वाइल्डरनेस झाली तरी राष्ट्राध्यक्ष तिथे जलाशय किंवा वीजप्रकल्पाला परवानगी देऊ शकतात. 1964 च्या कायद्यातच तशी वाट ठेवली आहे. धरणाची दारे बंद करतो तो 2 ऑक्टोबर 1968 चा नद्यांचा कायदा, वाइल्ड अँड सिनिक रिव्हर्स ॲक्ट. त्यात नोंदलेल्या नदीपट्ट्यावर केंद्रीय वीज आयोग धरणाचा परवाना देऊ शकत नाही. पण या कायद्याचा पट्टा प्रत्येक काठापासून सरासरी 400 मीटरच, म्हणजे रेडवुडच्या अळीइतकाच अरुंद. एक कायदा उतार सांभाळतो, दुसरा पाणी. म्हणून दोन्ही एकाच खोऱ्यावर लावायचे. डिसेंबर 2014 मध्ये अल्पाइन लेक्स वाइल्डरनेस सुमारे 22,000 एकरांनी वाढवताना हेच केले गेले: प्रॅट नदीचे सखल खोरे वाइल्डरनेसमध्ये, आणि प्रॅट व मिडल फोर्क स्नोक्वाल्मी यांचे पट्टे नद्यांच्या यादीत.

सखल खोऱ्यांना हमखास आडवा येणारा आक्षेप म्हणजे ‘इथे तर पूर्वी तोड झाली आहे, हे कसले अस्सल रान?’ स्कायकोमिश नदीच्या खोऱ्यातल्या वाइल्ड स्काय प्रस्तावाला याच आक्षेपाने वर्षानुवर्षे अडवले. जुने रस्ते, त्यांच्याखालच्या जुन्या मोऱ्या, दुसऱ्यांदा उगवलेले जंगल, हे सगळे त्यात होते. सिनेटने विधेयक पुन्हा पुन्हा मंजूर केले, प्रतिनिधीगृहाच्या समितीत ते अडकत राहिले आणि 8 मे 2008 रोजी 1,06,000 एकरांवर कायदा झाला. त्यातला मोठा हिस्सा कमी उंचीचा आहे. मूळ कायदा वाचला तर आक्षेप टिकत नाही. मानवी कामाच्या खुणा ठळक दिसू नयेत आणि एकंदर छाप निसर्गाची असावी, इतकेच तो मागतो. कुऱ्हाड कधी लागलीच नसावी असे म्हणत नाही. एकेकाळी तोडली गेलेली आणि पुन्हा भरून आलेली पूर्वेकडची कितीतरी जंगले 1975 च्या कायद्याने वाइल्डरनेस झालीच आहेत. सखल, ओल्या खोऱ्यात तर भरून येण्याचा वेग सर्वात जास्त.

खरी अडचण तोडीपेक्षा रस्त्याची. डोंगराच्या कुशीत रस्ता कापताना निघालेली माती खालच्या कडेला ढकललेली असते आणि तिच्यात ओंडके, बुंधे गाडलेले असतात. वीस-तीस वर्षांत ते कुजतात, भराव पोकळ होतो. ओढा जिथे रस्त्याखालून जातो तिथे पत्र्याची मोरी असते. वादळी पावसात तिच्या तोंडाशी फांद्या अडकतात, पाणी रस्त्यावर चढते, भराव एकदम सुटतो आणि दगड-चिखलाचा लोंढा थेट सॅमनच्या खडीवर येऊन थांबतो. साधारण 400 ते 1,100 मीटर उंचीवर हिवाळ्यात साचलेल्या बर्फावर कोमट पाऊस पडतो, तेव्हा हे सर्वाधिक घडते. उघड्या तोडभूमीवर बर्फ जास्त साचतो आणि वाऱ्याने लवकर वितळतो, त्यामुळे पाण्याचा लोंढाही मोठा. मोरी फुटली नाही तरी त्रास आहेच. खालच्या तोंडाशी जमीन खरवडली जाऊन मोरी अधांतरी लटकते. मोरीतून खाली पडणाऱ्या पाण्याची उंची 24 सेंटीमीटरपेक्षा जास्त झाली तर वॉशिंग्टनच्या निकषांनुसार ती माशांना अडथळा ठरते.

रस्ता काढून टाकायचा तर फाटकाला कुलूप लावून भागत नाही. मोरी उपसावी लागते, तिच्यावरचा भराव ओढ्याच्या मूळ तळापर्यंत खणून दोन्ही बाजू आधीच्या उताराला मिळवाव्या लागतात. काढलेली माती पाण्यापासून दूर सपाट जागी रचतात. दाबून घट्ट झालेला रस्ता 45 ते 60 सेंटीमीटर खोल फोडून वर ओंडके-फांद्या पसरल्या की पाणी जिरते आणि बी रुजते. काम जुलै-ऑगस्टमध्ये, पाणी सर्वात कमी असताना, ओढा तात्पुरत्या नळातून वळवून करायचे. सप्टेंबर उजाडला की चिनुक खडीवर येऊ लागतात. सर्वात नेहमीची चूक म्हणजे भराव अर्धवट काढणे. उरलेला भराव ओढा स्वतः कापून नेतो, आणि जी माती ट्रकने न्यायची ती अंड्यांवर जाते. जो रस्ता हद्दीबाहेर वापरात ठेवायचा, त्यावरची मोरी बदलताना रुंदी पात्राच्या काठोकाठ रुंदीच्या 1.2 पट अधिक 60 सेंटीमीटर धरतात, म्हणजे आतही खडीचा नैसर्गिक तळ टिकतो.

ही सगळी कामे उत्खनकाची, डंपरची. हद्द कायद्याने ठरल्यावर तिथे यंत्र न्यायचे तर त्यावाचून दुसरा इलाजच नाही हे आधी सिद्ध करावे लागते आणि परवानगी सहज मिळत नाही. म्हणून आखणी करणाऱ्यांनी आधी एकेक रस्ता चालून पाहावा: कोणता काढून टाकायचा, कोणता पायवाट म्हणून ठेवायचा, कोणत्या खिंडीपर्यंत गाडी जाऊ द्यायची आणि हद्द त्याच्या दोन्ही बाजूंनी वळवायची. दाटीवाटीच्या लागवडीत उजेड पोचत नसेल आणि मरलेटसाठी जाड फांद्यांची झाडे लवकर हवी असतील, तर विरळणीही त्याआधीच. हद्द ठरल्यावर मात्र वाटेवर आडवे पडलेले मीटरभर जाडीचे हेमलॉकचे झाड दोन माणसांनी दोन टोकांना धरलेल्या लांब करवतीने कापायचे, आणि पाण्यात पडलेले तसेच पडू द्यायचे.