दरबारापासून जीआरपर्यंत: सांगलीच्या नाटकाला पैसा कुठून आला

नोव्हेंबर लागला की सांगलीत दोन गोष्टींची लगबग असते. एक, ५ तारखेचा रंगभूमी दिन. दुसरी, साधारण त्याच सुमाराला येणारी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी. पहिलीचं मूळ संस्थानिकाच्या खजिन्यात आहे, दुसरीचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. या दोन्हींच्या मधल्या काळात पैसा कसकसा येत गेला हे पाहिलं, तर आजचं अनुदान प्रयोगाला मिळतं पण संस्थेला मिळत नाही, असं का, याचा उलगडा होतो.

सुरुवात दरबारी खर्चानेच झाली. कर्नाटकातली भागवत मंडळी १८४२ साली सांगलीत खेळ करून गेली. असं काही आपल्याकडे मराठीत व्हावं, अशी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांची इच्छा, आणि काम आलं विष्णुदास भाव्यांकडे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीता स्वयंवर' झालं. मंडळी जमवणं, कपडेपट, सोंगं, सगळं संस्थानाच्या जिवावर. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, राजाश्रय आटला, आणि मंडळी घेऊन गावोगाव हिंडण्यावाचून भाव्यांना गत्यंतर उरलं नाही. १८५३ साली त्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. भाव्यांना आपण मराठी नाटकाचे जनक म्हणतो ते रास्तच आहे, पण मला ते अनुदान बंद पडल्यावरही तगून राहिलेले पहिले संस्थाचालक जास्त वाटतात.

पुढची बरीच दशकं नाटक कंपन्या तिकिटावर आणि सावकारावर चालल्या. हरिपूरचे नाटककार देवल आणि सांगलीचे खाडिलकर यांची नाटकं याच काळातली. कंपनी तेजीत असली की चांदी, नसली की दागिने गहाण. तो इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे.

संस्थानी आश्रय मात्र सगळीकडे संपला नव्हता. साताऱ्याकडच्या औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार होते. त्यांनी जमवलेल्या कलावस्तूंचं संग्रहालय १९३८ साली उभं राहिलं. त्यांच्याच दरबारचे गायक अंतुबुवा जोशी यांनी १९४० मध्ये आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव सुरू केला. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतली संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली, आणि औंधच्या या दोन गोष्टींच्या वाटा वेगळ्या झाल्या. संग्रहालय सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे गेलं. तिथले पगार, डागडुजी अर्थसंकल्पातून होऊ लागली. महोत्सव जोशी घराण्याने आणि रसिकांनी चालू ठेवला, १९८१ साली त्यासाठी प्रतिष्ठान झालं. भिंती आणि वस्तू सरकारला ताब्यात घेता येतात, त्यांची नोंदवही ठेवता येते. दरवर्षी माणसं गोळा करून गाणं करणारी संस्था कुठल्या रकान्यात घालायची, हा प्रश्न तेव्हाही सुटला नाही.

मुंबई राज्याने १९५४ मध्ये नाट्य स्पर्धा सुरू केली, तेव्हा या प्रश्नाला एक सोयीचं उत्तर मिळालं. संस्थेला पोसायचं नाही, प्रयोगाला हात द्यायचा. स्पर्धेच्या केंद्रावर थिएटर सरकारच्या खर्चाने, परीक्षक सरकारचे, संघाला ठरावीक खर्च, तिकीट नाममात्र. हौशी मंडळांसाठी ही मोठीच गोष्ट होती. बँकेतला कारकून, शाळेतली बाई, साखर कारखान्यातला फिटर यांना दोन अंकी नाटक रीतसर रंगमंचावर करता येऊ लागलं. संगीत नाटकांची वेगळी स्पर्धा निघाली, त्यात सांगलीची मंडळं आजही हिरिरीने उतरतात. पण याला दुसरी बाजूही आहे. तालमी ऑक्टोबरात, प्रयोग नोव्हेंबरात, निकाल लागला की नेपथ्याच्या चौकटी (फ्लॅट) कुणाच्या तरी गोठ्यात. वर्षभर तालमीची जागा, विजेचं बिल, गोदामाचं भाडं याला स्पर्धेच्या हिशेबात जागा नव्हती, आणि आजही नाही. कितीतरी मंडळं म्हणूनच वर्षातून दीड महिना जिवंत असतात.

१९६० साली साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन झालं, वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पहिले अध्यक्ष. तिथला ओघ मुख्यतः ग्रंथांकडे राहिला. तमाशा तर या सगळ्याच्या बाहेरच वाढला. शाहीर पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, दोन्ही गावं वाळवा तालुक्यातली. पण फडाचा, म्हणजे तमाशाच्या मंडळीचा, खरा आश्रयदाता गावची यात्रा कमिटी. ती वर्गणी काढते आणि खेळाची सुपारी देते. ज्येष्ठ कलावंतांना सरकार मानधन देतं, २०२४ पासून ते महिना ५,००० रुपये झालं आहे. ते व्यक्तीला मिळतं. फड मोडला तर मोडला.

केंद्र सरकारच्या सांस्कृतिक योजनांतून संस्थांना पैसा मिळतो, नाही असं नाही. तिथे गाठ फायलीशी असते. १९५० च्या विश्वस्त कायद्याखालची नोंदणी, तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब, स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, आधीच्या पैशाचं उपयोगिता प्रमाणपत्र. यात घोडं अडतं ते बहुधा परिशिष्ट एकच्या, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या नोंदवहीच्या, उताऱ्यावर. विश्वस्त बदलला की त्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अर्ज, द्यायचा असतो. हौशी मंडळात तो कोण देतो? अध्यक्ष वारलेले, सचिव पुण्याला मुलाकडे, आणि उताऱ्यावर नावं तीच. नाटक बसवायला माणसं मिळतात, कलम २२ चा अर्ज करायला मिळत नाहीत. पैसाही हप्त्यांनी येतो, म्हणजे आधी खिशातून घालायचे.

शेजारच्या वाचनालयाकडे पाहिलं की फरक डोळ्यांत भरतो. ग्रंथालयांसाठी महाराष्ट्रात १९६७ चा कायदा आहे. अ, ब, क, ड असे वर्ग ठरलेले, वर्गानुसार परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवायचा पैसा. रक्कम तुटपुंजी, उशिरा येते, ग्रंथपाल कायम नाराज. तरी ती कायद्याने येते, आणि तिच्यातून पगारही देता येतो. कलामंडळांसाठी असा कायदा झाला नाही. त्यांच्यासाठी जीआर, म्हणजे शासन निर्णय, निघतात, योजना येतात, मुदती संपतात.

तोवर सांगलीची मंडळं आपल्या जुन्या मार्गाने चालतात. स्मरणिकेच्या जाहिराती सराफकट्ट्यावरून आणि हळदीच्या पेढ्यांवरून येतात, तालमीची खोली कुठल्यातरी शाळेची असते, आणि स्पर्धेचा अर्ज शेवटच्या दिवशी भरला जातो.