तट्टाची खाज: ऊ, चिलट की जंत?

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्यात तापीकाठी घोडेबाजार भरतो. परराज्यांतूनही जनावरं येतात. घेणारे दात बघतात, चाल बघतात, अंगावरचे भोवरे बघतात. आयाळ बाजूला सारून मुळाशी बघणारे मात्र कमीच, आणि थंडीच्या दिवसांत पहिल्यांदा बघायला हवं ते तिथेच. या दिवसांत केस दाट आणि लांब होतात, उवा माजतात. जनावरं दाटीनं बांधलेली असतात, एकाचा खरारा दुसऱ्यावर फिरतो, आणि ऊ आपोआप पसरते.

घोड्याला दोन प्रकारच्या उवा होतात. एक रक्त शोषणारी. ती तिळाएवढी, निमुळत्या डोक्याची असते आणि आयाळ, शेपटीचं मूळ, खुरांच्या वरचे केस इथे राहते. गाढवावरही हीच ऊ आढळते. दुसरी आकारानं लहान, रुंद डोक्याची. ती रक्त पीत नाही, कातडीवरचा कोंडा कुरतडते आणि मानेच्या बाजूंवर, कुशीवर फिरते. अशक्त, म्हाताऱ्या किंवा अर्धपोटी जनावरावर दोन्ही भराभर वाढतात. रक्तपित्या उवा फार झाल्या तर शिंगराच्या हिरड्या फिक्या पडतात.

तपासायला भर उन्हात उभं राहावं आणि केसांचा भांग पाडावा. पांढुरके कण दिसले तर बोटानं झटकून बघावं. कोंडा उडून जातो. लीख केसाला चिकटलेली असते, नखानं ओढल्याशिवाय सुटत नाही. पुढच्या पायांच्या केसांवर पिवळसर अंडी दिसली तर ती लीख समजू नये. ती बॉट माशीची असतात. तट्टू पाय चाटतं, अळ्या तोंडावाटे पोटात जातात आणि जठराच्या भिंतीला धरून कित्येक महिने राहतात.

शेपूट खांबाला घासणाऱ्या तट्टाला उवाच झाल्यात असंही नाही. चिलटांच्या चाव्याची ॲलर्जी असली तर आयाळ आणि शेपूट घासून घासून उघडी पडते, पण हा त्रास चिलटांच्या मोसमात वाढतो, आणि लिखा सापडत नाहीत. तिसरं कारण पोटातलं: एका जातीच्या जंताची मादी गुदद्वाराबाहेर येऊन चिकट अंडी घालते, त्याची खाज. तिथे पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती डॉक्टरांकडे न्यावी, सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसतात. गोचीड तर नुसत्या डोळ्यांनी दिसते. तिच्याकडे खाजेपुरतं बघू नये; काही गोचिडांमधून घोड्याच्या रक्तपेशींत शिरणारे परजीवी येतात, मग ताप, कावीळ, रक्तक्षय.

ही ओळख पटवण्यात वेळ घालवायचा तो औषधासाठी. आयव्हरमेक्टिनची पेस्ट पोटातून रक्तात जाते, म्हणून रक्त पिणारी ऊ तिनं मरते. बॉटच्या अळ्यांवरही ती चालते. कोंडा खाणाऱ्या उवेपर्यंत मात्र ते औषध पुरेसं पोहोचत नाही. तिच्यासाठी परमेथ्रिनसारखं अंगाला लावायचं औषध लागतं, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच. तबेल्यात मांजर असेल तर तिला लांब ठेवा, परमेथ्रिन मांजराला विषारी आहे.

आणि एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगेन. गुरांच्या गोचिडांसाठी आणलेली अमिट्राझची बाटली गोठ्यात असते, ती तट्टाला लावू नका. त्यानं घोड्याच्या आतड्याची हालचाल मंदावते, लीद आत साठून अडकते आणि पोटशूळानं जनावर दगावू शकतं. गाईला चालतं म्हणून घोड्याला चालेल, हा हिशेब इथे जिवावर बेततो.

पहिल्या औषधानं उवा मरतात, लिखा वाचतात. त्यामुळे साधारण दोन आठवड्यांनी दुसरा हात द्यावाच लागतो, आणि तोही तबेल्यातल्या सगळ्या घोड्यांना, गाढवांना, खेचरांना एकाच दिवशी. अंगावेगळी झालेली ऊ आठवडाभर तग धरू शकते, तेव्हा झूल आणि खोगिराखालचं कापड गरम पाण्यात धुवावं, खरारे ज्याचे त्याला वेगळे ठेवावेत. तट्टाजवळ खेळणाऱ्या पोरांची काळजी नको. घोड्याची ऊ माणसावर संसार थाटत नाही. बाजारातून नवं जनावर आणलंत, तर हे सगळं होईपर्यंत त्याला जुन्यांपासून लांब बांधा.