प्रवासाच्या अल्बममधून कलेकडे

आजोबांनी प्रवासात काढलेल्या फोटोंवरून चित्र किंवा कोलाज करायचे, तर आधी आजोबांच्या हाती कॅमेरा यायला हवा होता. १८५१ पासूनच्या ओल्या काचपट्टीच्या पद्धतीत रसायन लावलेली काच ओली असतानाच फोटो काढून धुवावा लागे, म्हणून फोटोग्राफरला जागेवरच अंधारखोली थाटावी लागे. त्यामुळे बहुतेक प्रवासी व्यावसायिकांनी टिपलेली दृश्येच विकत घेत. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा आला. त्यात शंभर फोटोंचा रोल भरलेला असे आणि तो संपला की अख्खा कॅमेरा कारखान्यात पाठवायचा. १९०० मधला कोडॅकचाच ब्राउनी कॅमेरा तर एका डॉलरला मिळू लागला, आणि स्मारकापुढे आपलेच माणूस उभे करण्याची सोय झाली.

कलावंतांनी मात्र घरगुती अल्बमची दखल उशिराच घेतली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन कलावंत हाना होख यांनी फोटोंची कात्रणे जोडून कोलाज केले, पण ती मुख्यतः मासिकांतली होती. १९६० च्या दशकात जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टर यांनी घरातले फोटो कॅनव्हासवर उतरवले आणि ओला रंग ब्रशने पुसट केला.

मला सर्वांत जवळचे वाटते ते भारतीय कलावंत विवान सुंदरम यांचे काम. त्यांचे आजोबा उमराव सिंग शेरगिल यांनी बुडापेस्ट, पॅरिस, सिमला इथे कुटुंबाचे आणि स्वतःचे असंख्य फोटो काढले होते. चित्रकार अमृता शेरगिल ही त्यांची मुलगी, म्हणजे विवान यांची मावशी. विवान यांच्या जन्मापूर्वीच, १९४१ मध्ये ती वारली. २००१-०२ मधल्या 'री-टेक ऑफ अमृता' या मालिकेत विवान यांनी आजोबांचे फोटो घेऊन संगणकावर वेगवेगळ्या वर्षांतली, वेगवेगळ्या शहरांतली माणसे एकाच चौकटीत आणली. हे आजोबांच्या फोटोची नक्कल करण्यापेक्षा कितीतरी धाडसाचे आहे : नातू त्यांच्या रचनेत हात घालतो, तरी त्यांची नजर पुसत नाही.

रंगीत फोटोंचा प्रश्न वेगळा. १९६०-७० च्या दशकांतले बरेच प्रिंट आज लालसर दिसतात, कारण त्यांतला निळसर रंगद्रव्याचा थर आधी फिका पडतो. ती छटा हौसेने जुन्या काळाचा रंग म्हणून चित्रात घेतली जाते. घ्यावीही, पण आजोबांनी पाहिलेला समुद्र तसा नव्हता, हे जाणून घ्यावी. १९३५ पासून मिळू लागलेल्या कोडाक्रोम फिल्मच्या स्लाइड अंधारात ठेवल्या असतील, तर रंग फार चांगले टिकतात. अशा स्लाइडची डबी सापडली, तर कागदी प्रिंटआधी त्या प्रकाशासमोर धरून पाहाव्यात.