वाइनमधून अल्कोहोल काढताना आधी वास का जातो?

इथेनॉल, म्हणजे वाइनमधलं अल्कोहोल, ७८ अंशांना उकळतं, मग वाइन तेवढी तापवली की काम झालं, असं अनेकांना वाटतं. तशी तापवलेली वाइन शिजकट लागते. म्हणून जर्मनीत वाइन-व्यावसायिक कार्ल युंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हवेचा दाब कमी करून, म्हणजे कमी तापमानात, अल्कोहोल काढायला घेतलं. शिजकटपणा टळला, पण फळांचा वास तरीही उडतोच.

केळ्यासारख्या वासाचं आयसोअमाइल ॲसिटेट घ्या. त्याचा उत्कलनबिंदू १४२ अंश, तेव्हा ते इथेनॉलनंतर निघायला हवं. निघतं मात्र आधी! उत्कलनबिंदू असतो शुद्ध पदार्थाचा. वाइनमध्ये हे एस्टर (फळांसारखा वास देणारं संयुग) लिटरमागे काही मिलिग्रॅमच, भोवती सगळं पाणी, आणि दोघांचं मुळीच पटत नाही. इथेनॉल हायड्रोजन बंधांनी पाण्याला धरून राहतं. एस्टरला संधी मिळताच ते वाफेत पळतं. या पळण्याच्या ओढीचं माप म्हणजे सक्रियता गुणांक. पातळ द्रावणात इथेनॉलचा तो एक आकडी, अशा एस्टरांचा हजारांत. उलट गुलाबाच्या वासाचं फिनाइलइथेनॉल पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं आणि बरंचसं मागे राहतं.

‘फिरत्या शंकूंचा स्तंभ’ नावाच्या यंत्रात एस्टरांच्या याच घाईचा फायदा घेतात. एकाआड एक स्थिर आणि फिरत्या शंकूंवरून वाइनचा पातळ थर खाली उतरतो, खालून वाफ वर चढते. पहिल्या फेरीत, तीस अंशांच्या आसपास, साधारण एक टक्का द्रव काढला की बहुतेक वास त्यातच येतो. तो बाजूला ठेवायचा. दुसऱ्या फेरीत थोड्या जास्त तापमानाला अल्कोहोल काढायचं आणि मग वास परत मिसळायचा.

दुसरी पद्धत रिव्हर्स ऑस्मोसिस, म्हणजे घरच्या आरओचंच तत्त्व. पडद्यातून पाणी आणि इथेनॉल जातं. रंग आणि तुरटपणा देणारी टॅनिन अडतात. साडेचौदावरून तेरा टक्क्यांवर यायला ही पद्धत उत्तम. अर्ध्या टक्क्यापर्यंत जायचं तर पाणी घालत पुन्हापुन्हा गाळावं लागतं आणि लहान एस्टरही पाझरतात.

जिभेवर फरक वेगळाच. इथेनॉलचा गोडवा, ऊब आणि भरीवपणा जातो. आंबटपणा नि तुरटपणा उघडे पडतात. म्हणून बाटलीत बहुधा साखर किंवा द्राक्षरस घातलेला असतो. ‘अल्कोहोल नाही म्हणजे पथ्याची’ म्हणणाऱ्यांनी लेबलावर साखर आधी बघावी. युरोपात अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलं तरी वाइन ‘अल्कोहोलविरहित’ म्हणून विकता येते, हेही लक्षात असू द्या.

परत मिसळलेल्या एस्टरांना सांभाळून घ्यायला आता इथेनॉलही नाही, म्हणून ग्लासातून वास लवकर विरतो. पांढरी थंडगार आणि थोडी-थोडीच ओता. लाल मात्र फार गार करू नका, तुरटपणा आणखी टोचतो.