‘मी जातो’ म्हणणारी बाई : कोल्हापूरच्या रंगभूमीवरून कागदावर आलेला आवाज

कोल्हापुरातली बाई ‘मी जातो’ म्हणते. ‘जेवलो’, ‘दमलो’, ‘बाजारातनं आत्ताच आलो’ हे सगळं ती सहज बोलते आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. बाहेरून लिहून आलेल्या संहितेत मात्र तिच्या तोंडी ‘जाते’, ‘जेवले’ असतं आणि भरपाई म्हणून वाक्यावाक्याला ‘लगा’ पेरलेलं असतं. ‘लगा’ बरोबरीच्याला म्हणायचं असतं, सासऱ्याला नाही. नऊवारी, ठुशी, पांढरा रस्सा सगळं जागच्या जागी असतं, पण पहिल्या वाक्यालाच पात्र परगावचं ठरतं.

पात्र आवाजातून उभं करायचं म्हणजे वेगवेगळे आवाज काढायचे, असा एक समज आहे. तसं असतं तर प्रत्येक नकलाकार मोठा नट झाला असता. या शहरात हे काम शंभर-सव्वाशे वर्षं चाललंय आणि त्याची सुरुवात बोलीतून झालीच नाही. ती गाण्यातून झाली.

संगीत नाटकातले गायक नट केशवराव भोसले 9 ऑगस्ट 1890 रोजी कोल्हापुरात जन्मले. अगदी लहान वयात ते नाटक कंपनीत गेले, ‘शारदा’तली शारदा करून गाजले आणि 1908 मध्ये त्यांनी ललितकलादर्श ही स्वतःची मंडळी काढली. 1915 मध्ये शाहू महाराजांनी खासबाग मैदानाला लागून पॅलेस थिएटर बांधलं. पुढं त्याला केशवरावांचंच नाव मिळालं. माइकचा तो काळ नव्हता. पिटात शेवटच्या रांगेत बसलेल्याला शब्द पोचला पाहिजे, म्हणून पट्टी उंच, स्वर लांबवलेले आणि वाक्याचा शेवट कधीही न गिळलेला. बाईची भूमिकाही पुरुषच करायचा, त्यामुळे नायिकेचा आवाज म्हणजे ऐकून मिळालेला नव्हे, घडवलेला आवाज. माझं मत विचाराल तर त्या रंगभूमीवर राणी आणि दासी यांच्यातला फरक बोलण्यातून फार कळत नसावा. पदं कुणाच्या वाट्याला आली यावरून तो कळत असावा. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. धैर्यधर केशवराव आणि भामिनी बालगंधर्व. लोक गेले ते दोन गळे एकमेकांसमोर ऐकायला. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, केशवराव गेले.

गंमत अशी की गळ्यावर एवढा जीव टाकणाऱ्या याच गावात त्याच सुमाराला मुके चित्रपट तयार होत होते. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची ‘सैरंध्री’ 1920 ची, ‘सावकारी पाश’ 1925 चा. तिथं पात्राच्या तोंडचं बोलणं पाटीवर छापून यायचं. नटाकडे उरायचे फक्त डोळे, खांदे आणि चाल. ही तालीम पुढं फार कामी आली, कारण बोलपट काढणारी मंडळी याच कारखान्यातून बाहेर पडली होती.

1 जून 1929 रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी असे पाच भागीदार होते. मार्च 1931 मध्ये मुंबईत ‘आलम आरा’ हा भारतातला पहिला बोलपट बोलला आणि प्रभातला मुकेपणा सोडावाच लागला. 1932 च्या फेब्रुवारीत ‘अयोध्येचा राजा’ प्रदर्शित झाला. हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे मूळचे संगीत नाटकातले, पेटीवादनातलं मोठं नाव. चित्रपटाचं संगीतही त्यांचंच. तारामती झाल्या दुर्गा खोटे. पार्श्वगायन तेव्हा आलेलंच नव्हतं. जो दिसतो त्यानेच गायचं, कॅमेरा चालू असताना गायचं आणि साथीदारांनी चौकटीबाहेर बसून वाजवायचं. कुणी खोकला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. शिवाय चित्रपट मराठीत आणि हिंदीत असा दोनदा घडवला गेला. एकाच राणीचा विलाप आज एका भाषेत, मग दुसऱ्या भाषेत! शब्द बदलले की श्वास घ्यायच्या जागा बदलतात आणि जागा बदलल्या की रडणंही बदलतं, हे नटांना तेव्हा अंगावर घेऊन शिकावं लागलं असणार.

माइक आल्या आल्या सगळे हळू बोलू लागले असं मात्र नाही. तो तेव्हा फारसा तरबेज नव्हता. त्याच्या टप्प्यात उभं राहून शब्द स्वच्छच टाकावा लागे आणि नाटकी फेक बरीच वर्षं टिकली. पण शेवटच्या रांगेची धास्ती गेली. बाबूराव पेंढारकरांचे खलनायक आठवा. आवाज न चढवता माणूस भीती घालू शकतो ही सोय माइकने दिली आणि त्यांनी ती ओळखली. प्रभात 1933 मध्ये पुण्याला गेली, तरी कोल्हापुरातले स्टुडिओ चालू राहिले. खरी कॉर्नरला आज कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. माइकचा कुणी उभारला नाही.

आवाज पात्राला चिकटतो तसा नटालाही चिकटतो. गणपत पाटील कोल्हापूरचे. तमाशापटातला नाच्या त्यांनी असा काही उभा केला की ‘आत्ता गं बया’ एवढ्या तीन शब्दांवर थिएटर हसायचं. त्या शब्दांतला हेल इतका पक्का बसला की वेगळ्या भूमिकेत त्यांना पाहायला कुणी फारसं तयार होईना, आणि पडद्याबाहेरही लोक नटाला नव्हे, नाच्यालाच भेटत. यश म्हणावं तर यश, शिक्षा म्हणावी तर शिक्षा.

माझ्या मते खरी उडी मारली ती लेखकांनी, आणि तीही रंगमंचावर उभं राहून. शंकर पाटील 1926 चे, हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीचे. व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांच्याबरोबर ते गावोगाव कथाकथन करायचे. वेष नाही, पडदा नाही, पेटी नाही; एक माणूस, एक कथा आणि समोर भरलेलं मैदान. त्यांच्या ध्वनिफिती ज्यांनी ऐकल्यात त्यांना ठाऊक असेल की पाटील सरपंचासाठी एक आणि म्हातारीसाठी दुसरा, असे गळे बदलत बसत नाहीत. बोलण्याची चाल बदलते, थांबण्याच्या जागा बदलतात आणि माणूस दिसू लागतो. कारण तो फरक लिहितानाच वाक्यात भरलेला असतो.

म्हणजे नेमकं काय, ते एका रचलेल्या संवादावरून सांगतो.

‘तात्या, बैल दिला म्हणं?’
‘दिला न्हवं.’
‘किती आलं?’
‘आलं की.’

कोण बोललं हे कुठंही लिहिलेलं नाही. तरी तात्याला आकडा सांगायचा नाही, विचारणाऱ्याला तो काढून घ्यायचाय आणि दोघांची ओळख जुनी आहे, हे सगळं त्या ‘की’मध्ये आहे. ‘बस की’मधला ‘की’ आग्रहाचा, ‘गप की’मधला वैतागाचा, ‘आलं की’मधला दार लावून घेणारा. प्रमाण मराठीत याला प्रतिशब्द शोधत बसलात तर तात्या मरतो.

कागलच्या आनंद यादवांनी हे आणखी पुढं नेलं. 1971 ची ‘गोतावळा’ ही अख्खी कादंबरी एका शेतगड्याच्या तोंडून, त्याच्याच बोलीत येते. तोवर ग्रामीण कथेत साधारणपणे अवतरणचिन्हांच्या आत बोली आणि बाहेर लेखकाची शुद्ध भाषा असायची. माणसं शेतात आणि निवेदक ओसरीवर खुर्ची टाकून बसलेला. यादवांनी ती खुर्चीच काढून घेतली. गडी जनावरांशी ज्या जिव्हाळ्याने बोलतो, त्याच आवाजात तो आपल्याशीही बोलतो, आणि ट्रॅक्टर येऊन जनावरं जातात तेव्हा त्याने बोलायचं कुणाजवळ हाच प्रश्न उरतो.

2016 मध्ये सुरू झालेल्या ‘तुझ्यात जीव रंगला’ या मालिकेने ‘चालतंय की’ महाराष्ट्रभर नेलं. आता रंकाळ्यावर भेळ खायला आलेले पाहुणे मिरची जास्त घालू का म्हटलं की एका सुरात ‘चालतंय की’ म्हणतात, ‘की’वर भरपूर जोर देऊन. भेळवाला हसतो आणि मिरची कमीच घालतो.