एन्कोमियम

एन्कोमियम हा औपचारिक, रचलेल्या स्तुतीसाठी वापरला जाणारा इंग्रजी शब्द. तो ग्रीकमधून लॅटिनमार्गे इंग्रजीत आला. मुळाशी ग्रीक ‘कोमॉस’, म्हणजे गात-नाचत निघणारी जल्लोषाची मिरवणूक. क्रीडास्पर्धेतल्या विजेत्यासाठी अशा मिरवणुकीत गायचे ते गाणे म्हणजे ‘एन्कोमिऑन’. पुढे ते गद्यातही आले. इ.स.पू. ३७०च्या सुमारास आयसोक्रेटिस या ग्रीक वक्त्याने सायप्रसचा राजा इव्हॅगोरस याच्यावर गद्य स्तुती लिहिली.

अॅरिस्टॉटलने ‘र्‍हेटॉरिक’ या वक्तृत्वकलेवरच्या ग्रंथात एक बारीक भेद केला आहे: गुणांची थोरवी सांगतो तो ‘एपाइनॉस’ आणि प्रत्यक्ष कृतींची स्तुती करतो तो एन्कोमिऑन. इंग्रजीत हा भेद उरला नाही.

रचनेचा साचा मात्र टिकला. इ.स.च्या चौथ्या शतकातल्या ग्रीक वक्तृत्वशिक्षक अ‍ॅफ्थोनियसच्या पाठ्यपुस्तकात त्याचा क्रम असा: प्रस्तावना, मग कूळ, म्हणजे वंश, जन्मभूमी, पूर्वज, मातापिता, नंतर संगोपन आणि शिक्षण, मग कर्तृत्व, त्यानंतर दुसऱ्या कोणाशी तुलना, आणि शेवटी प्रार्थनेकडे झुकणारा समारोप. सर्वांत जास्त जागा कर्तृत्वाला द्यायची आणि त्याचे मन, शरीर व दैव असे तीन भाग पाडायचे. तुलनेसाठी निवडलेला माणूस तोलामोलाचा हवा. सामान्याशी तुलना केली तर स्तुतीच हलकी होते. अ‍ॅफ्थोनियसने नमुन्यात थ्युसिडिडिस या ग्रीक इतिहासकाराला दुसरा थोर इतिहासकार हिरोडोटस याच्याशेजारी उभे केले ते याच बेताने. हीच कलमे उलटी वापरली की निंदा तयार होते, तिला ‘प्सोगॉस’ म्हणत. कसब सारखेच लागते, म्हणून गोर्जियाससारख्या वक्त्याने ट्रॉयच्या युद्धाला कारण ठरल्याने बदनाम झालेल्या हेलनची बाजू घेतली आणि अखेरीस हा आपला खेळ होता असे मोकळेपणाने सांगून टाकले.

शेजारच्या शब्दांशी घोळ फार होतो. ‘पॅनेजिरिक’ मूळचे उत्सवाच्या जनसभेतले भाषण. धाकटा प्लिनी या रोमन लेखकाने इ.स. १०० मध्ये रोमन सम्राट ट्राजनसमोर केलेले भाषण त्याचा ठळक नमुना. ‘यूलॉजी’चा व्युत्पत्तीने अर्थ नुसता ‘चांगले बोलणे’, पण आज तो अंत्यविधीतल्या भाषणाला चिकटला आहे. निवृत्तीच्या समारंभात जिवंत सत्कारमूर्तीसाठी तो वापरला तर ऐकणारे दचकतात. ‘एलिजी’ म्हणजे शोककाव्य, ते वेगळेच. पुरस्कारासोबत वाचतात ते ‘सायटेशन’.

अनेकवचन ‘एन्कोमियम्स’ किंवा ‘एन्कोमिया’. दुसरे रूप एकवचन समजून वापरणे ही चूक. ‘म’च्या जागी ‘न’ घालून ‘एन्कोनियम’ लिहिणे ही दुसरी. भारतीय इंग्रजी वृत्तपत्रांत हा शब्द बहुधा अनेकवचनी येतो आणि नुसत्या ‘वाहवा’च्या अर्थाने झिजला आहे. साध्या शाबासकीला तो जड पडतो.

मराठीत सर्वांत जवळचा शब्द ‘प्रशस्ती’. ‘मानपत्र’ म्हणजे समारंभात वाचून हाती दिलेला कागद, आणि ‘स्तुतिपाठ’ म्हटले की खुशामतीचा वास येतो. प्रशस्तीचा जुना, भक्कम नमुना नाशिकच्या पांडवलेणींत आहे: गौतमी बलश्रीचा प्राकृत लेख. तिचा दिवंगत पुत्र, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याचे रूप, पराक्रम आणि क्षहरात या शत्रू राजवंशाचा केलेला निःपात त्यात ओळीने येतो आणि राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्याशी तुलनाही होते. अ‍ॅफ्थोनियसच्या कितीतरी आधी.