एरोस्पेस अभियांत्रिकी पदवी प्रवेश : पात्रता, प्रक्रिया आणि कागदपत्रे

एरोस्पेस अभियांत्रिकीची बी.टेक. पदवी मुंबई, मद्रास, कानपूर आणि खरगपूर येथील आयआयटींमध्ये, तसेच केंद्राच्या अंतराळ विभागाने २००७ मध्ये तिरुवनंतपुरम येथे स्थापन केलेल्या आयआयएसटी या संस्थेत घेता येते. दोन्हीकडचा प्रवेश जेईई ॲडव्हान्स्ड या राष्ट्रीय प्रवेशपरीक्षेच्या निकालावर आधारलेला आहे. आयआयटींच्या जागा ‘जोसा’ या संयुक्त प्रवेशफेरीतून भरल्या जातात, तर आयआयएसटी आजवर आपल्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज मागवत आली आहे. त्यामुळे जोसामध्ये नोंदणी केली म्हणजे आयआयएसटीचाही अर्ज झाला, असे समजू नये.

पहिला टप्पा जेईई मेनचा असून ती जानेवारी आणि एप्रिल अशा दोन सत्रांत होते. मेनची प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते, परंतु ॲडव्हान्स्ड केवळ इंग्रजी आणि हिंदीतून होते. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याने मेनसाठी मराठी निवडावी की नाही, हे ठरवताना पुढच्या परीक्षेची भाषा आधी लक्षात घ्यावी. मेनमधील सर्व प्रवर्ग मिळून पहिल्या सुमारे अडीच लाख उमेदवारांना ॲडव्हान्स्डसाठी नोंदणी करता येते. २०२५ च्या परीक्षेसाठी जन्म १ ऑक्टोबर २००० रोजी किंवा त्यानंतरचा असणे आवश्यक होते. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना त्यात पाच वर्षांची सवलत होती. ही परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांत जास्तीत जास्त दोनदा देता येते.

आयआयटीत प्रवेश घेताना बारावीत ७५ टक्के गुण असावे लागतात किंवा उमेदवार आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे गुणांनुसार पहिल्या वीस टक्क्यांत, असावा लागतो. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांसाठी टक्केवारीची अट ६५ आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, एक भाषा आणि आणखी एक विषय अशा पाच विषयांचे गुण त्यासाठी धरले जातात. केवळ तीन विज्ञान विषयांवर भर देऊन भाषेकडे दुर्लक्ष करणाऱ्यांना ही अट अडचणीत आणू शकते. आयआयएसटी बारावीच्या गुणांची अट स्वतंत्रपणे लावत असल्याने तिची माहितीपुस्तिका वेगळी वाचावी.

महाराष्ट्रातील उमेदवारांची सर्वाधिक तारांबळ जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांवरून होते, आणि तीही परीक्षेत चांगला क्रमांक आल्यानंतर. राज्याच्या प्रवेशप्रक्रियेतील विमुक्त जाती-भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग किंवा एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) हे प्रवर्ग केंद्रीय प्रवेशात अस्तित्वातच नाहीत. तेथे जात इतर मागासवर्गीयांच्या केंद्रीय यादीत आहे का, एवढेच पाहिले जाते. कुणबी आणि अनेक भटक्या जमाती त्या यादीत आहेत. पण दाखला केंद्र शासनाच्या नमुन्यातच हवा आणि नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र त्या वर्षीच्या १ एप्रिल रोजी किंवा त्यानंतर दिलेले हवे. राज्याच्या कामासाठी काढलेला, मुदत शिल्लक असलेला दाखला येथे चालत नाही.

आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्रालाही हीच तारीख लागू होते. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपेक्षा कमी आणि शेतजमीन पाच एकरांपेक्षा कमी असावी लागते. घर आणि भूखंड यांच्या मर्यादा वेगळ्या आहेत. कोरडवाहू पाच एकरांवर फारसे पिकत नसले, तरी नियम जमिनीचा कस पाहत नाही. एप्रिल उजाडताच सेतू केंद्रात किंवा आपले सरकार संकेतस्थळावर अर्ज करावा, कारण मे-जूनमध्ये तहसील कार्यालयात दाखल्यांची गर्दी असते. ॲडव्हान्स्डच्या नोंदणीवेळी दाखला हाती नसल्यास हमीपत्र जोडता येते, तथापि जोसाच्या कागदपत्र पडताळणीला मूळ दाखलाच लागतो.

याखेरीज दहावीचे प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, छायाचित्र, ओळखपत्र, दोन्ही परीक्षांची प्रवेशपत्रे आणि बँक खात्याचा तपशील तयार ठेवावा. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते आणि आधारवर बहुधा शेवटी, म्हणून अर्जातील नाव दहावीच्या प्रमाणपत्रानुसार ठेवावे. राज्याच्या फेरीत लागणारे अधिवास प्रमाणपत्र आयआयटीसाठी आवश्यक नाही.

जोसामध्ये पसंतीक्रम भरताना मागील वर्षीच्या शेवटच्या क्रमांकांचा आधार जरूर घ्यावा, पण क्रम खऱ्या आवडीचाच लावावा. वरची पसंती न मिळाल्याने खालच्या पसंतीची संधी कमी होत नाही. आयआयटी मुंबईत एरोस्पेसची जागा यांत्रिकीपेक्षा खालच्या क्रमांकावर मिळत आली आहे. त्यामुळे विषयाची ओढ नसतानाही केवळ पवईच्या आकर्षणापोटी ती घेणारे बरेच असतात. माझ्या मते ही निवड चार वर्षे जड जाते. जागा मिळाल्यावर शुल्क भरून ‘फ्रीझ’, ‘फ्लोट’ किंवा ‘स्लाइड’ यांपैकी एक पर्याय द्यावा लागतो. फ्रीझमध्ये मिळालेली जागाच कायम राहते. फ्लोटमध्ये कोणत्याही संस्थेतील वरच्या पसंतीचा विचार होतो, तर स्लाइडमध्ये फक्त त्याच संस्थेतील वरच्या शाखेचा.

आयआयएसटीतून इस्रोत थेट जाण्याची वाट आहे, पण ती किमान गुणांक आणि रिक्त जागा यांवर अवलंबून असल्याने तिला नोकरीची हमी मानू नये. उलट इस्रोच्या भरतीत यांत्रिकी आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीधरांनाही जागा असतात. विमान देखभालीचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते आणि त्याचे प्रशिक्षण मान्यताप्राप्त वेगळ्या संस्थांत होते; त्याच्या जाहिरातींत ‘एरोनॉटिकल’ हा शब्द असला, तरी तो अभ्यासक्रम बी.टेक.च्या तोडीचा मानला जात नाही.